आठव्या रविवारचा आकडा

“श्वास रोखू का?” पद्माताईंनी विचारलं.

“नको. नेहमीसारखा घ्या. फक्त हलू नका.”

“गार आहे गं तुझं हे यंत्र.”

“यंत्र नाही, व्हर्नियर कॅलिपर.”

“जे काय असेल ते. आधी तळहातात धरून जरा उबवत जा. बाईमाणसाच्या अंगाला लावतेयस, लोखंडी खिळ्याला नाही.”

मी कॅलिपर स्पिरिटनं पुसून घेतलं होतं, म्हणून ते जास्तच गार लागत असणार. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी ते आदल्या दिवशी पर्समधून आणलं होतं. पद्माताईंच्या डाव्या स्तनावर, काखेच्या बाजूला, त्वचेखाली एक गाठ होती. तिच्या दोन्ही बाजूंनी मी कॅलिपरचे जबडे हलकेच टेकवले, पेच आवळला, कॅलिपर बाहेर काढलं आणि खिडकीशी नेऊन वाचलं.

“दोन पॉइंट चौदा सेंटिमीटर.”

“मला दाखव.”

“तुम्हाला कळायचं नाही ते.”

“तिसरीच्या पोरांना मोजपट्टी बावीस वर्षं मीच शिकवली आहे, हेमा. दाखव.”

मग मी त्यांना शिकवलं. वरच्या पट्टीवर आधी सेंटिमीटर आणि मिलिमीटर बघायचे. मग खालच्या सरकत्या पट्टीवरची कोणती रेघ वरच्या एखाद्या रेघेशी अगदी जुळते ते शोधायचं. ती शेवटची दशांश जागा. पद्माताईंनी चष्मा नाकावर ओढला, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बरोबर वाचलं आणि माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. छातीवरून पदर सुटलेला, हातात वर्गातलं एखादं बक्षीस धरावं तसं ते कॅलिपर. त्या तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या.

पद्माताई माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नव्हतं. देवरुखला आमच्याच आवारात, मागच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. आईच्या आजारपणात त्यांनी शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडली होती. माझ्या सासूबाईंना हाच आजार झाला होता आणि मुंबईला नेऊन त्यांच्यावर होते ते सगळे उपचार झाले होते. चौदा महिने पद्माताई त्यांच्या उशाशी होत्या. त्या चौदा महिन्यांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, “शेवटी तिला स्वतःचे केस उशीवरून गोळा करायची सवय लागली होती. मी गोळा केलेले चालायचे नाहीत.”

स्वतःला गाठ लागली तेव्हा त्यांनी ती कुणालाच सांगितली नाही. मला कळली ती अपघातानं, गौरी-गणपतीच्या गडबडीत त्या साडी बदलत असताना. मी भांडले, रडले, दिगंबरला, माझ्या नवऱ्याला, सांगते म्हणून धमकी दिली. त्या ऐकून घेत नारळ खवत राहिल्या.

“दिगूला सांगितलंस तर मी आजच्या आज निघून जाईन. कुठे ते विचारू नकोस.”

“मग काय करायचं ठरवलंय तुम्ही?”

त्यांनी ठरवलं होतं. सासूबाई गेल्यावर त्यांनी दूधदुभतं सोडलं होतं, ते सोडलेलंच ठेवायचं. सकाळी अनवाणी चालायचं. रात्री सातच्या आत जेवायचं. कुठल्याशा शिबिरात त्यांना सांगितलं होतं की शरीराला स्वस्थ राहू दिलं की ते आपल्या आपण दुरुस्त होतं.

“याला काही पुरावा नाही, पद्माताई.”

“मग तू काढ पुरावा. तुझंच काम आहे ते.”

करार असा झाला. बारा रविवार मी गाठ मोजायची. माझ्या हाताची चूक एखादा मिलिमीटर असू शकते, म्हणून तीन मिलिमीटरपर्यंत वाढ सोडून द्यायची. त्याच्या वर गेली, म्हणजे दोन पॉइंट चव्वेचाळीसच्या पुढे गेली, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला जायचं आणि डॉक्टर सांगतील ते करायचं. नाही गेली, तर मी तोंड उघडायचं नाही.

मी हे कबूल का केलं, असं नंतर मला दिगंबरनं विचारलं. माझं उत्तर त्याला पटलं नाही. मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवत होते. माणूस वाद ऐकत नसलं तरी आकडा ऐकतं, असा माझा विश्वास होता. गाठ वाढणार हे मला जवळजवळ नक्की ठाऊक होतं. दोन-चार आठवड्यांत आकडाच त्यांना गाडीत बसवेल, असं मला वाटलं.

मी एक शंभर पानी वही घातली. उजव्या पानावर तारीख, वाचन, सही. डावं पान कोरं होतं, ते पद्माताईंनी आपल्या कामाला लावलं.

कारण त्याच दिवसांत त्यांचं खरवसाचं खूळ सुरू झालं होतं.

दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या दुधाशिवायच्या गोड पदार्थांचा वर्ग घ्यायच्या. दहा-बारा बायका यायच्या. नाचणीचे लाडू, काजूच्या दुधातली शेवयांची खीर, फणसाची सांदणं, असं काय काय चालायचं. शेवटी प्रत्येकीला एक हाती लिहिलेला कागद मिळायचा, वर शीर्षक ‘रोज बरं वाटण्यासाठी’. खाली दोन-तीन ओळी: उठल्यावर खिडकी उघडा आणि दहा श्वास मोजा. चालताना बोलू नका. गोड उभ्यानं खाऊ नका. बसून खा, पहिला घास डोळे मिटून खा.

वर्गात रेवंडकरबाई म्हणून एक होत्या. गोठ्यात चार गाई, तोंडानं फटकळ. एका शनिवारी त्या म्हणाल्या, “पद्माबाई, सगळं खरं हो. पण दुधाशिवाय खरवस करून दाखवा, मग मानू. तुमचं म्हणजे नवरीशिवाय लग्न लावायचं चाललंय.” सगळ्या हसल्या. पद्माताईही हसल्या आणि घरी येऊन मला म्हणाल्या, “हेमा, तुझं सायन्स काढ बाहेर.”

पहिल्यांदा आम्ही चायना ग्रास वापरलं. नारळाचं दूध, गूळ, वेलची, जायफळ. थाळीत ओतलं, घट्ट झालं. पद्माताईंनी वडी कापून बोटानं दाबली.

“ही खाली टाकली तर परत हातात येईल.”

मी चायना ग्रास निम्मं केलं. मग वडी सुटेना. मग तवकीर घालून बघितली. ते चांगलं लागलं, पण ती तवकिरीची वडी झाली. खरवसाचा तो किंचित रवाळ, ओलसर, दाताखाली तुटणारा पोत काही येईना. दर रविवारी आधी मोजणी व्हायची आणि मग स्वयंपाकघर. डाव्या पानावर त्यांच्या गोल अक्षरात: ‘रबर. बाद.’ ‘नुसतं पीठ. बाद.’ ‘लागलं बरं, दिसलं वाईट.’ उजव्या पानावर माझं: २.१७. २.१२. २.१५.

तिसऱ्या रविवारी आकडा उतरला. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मी म्हटलं, “हा माझ्या हाताचा फरक आहे. याला अर्थ नाही.”

“वर गेला असता तर अर्थ असता, होय?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं.

पाचव्या रविवारी नारळ वाटताना मी विचारलं, “इतके पदार्थ असताना खरवसच कशाला? त्या रेवंडकरबाईंचं काय मनावर घेता?”

त्यांनी फडक्यातला चोथा घट्ट पिळला.

“मी नऊ वर्षांची होते. शेजारी दामूअण्णांची गाय व्याली आणि वासरू दुसऱ्या दिवशी गेलं. आमच्याकडे खरवस आला होता. एवढा मोठा ठोकळा. मी आणि दिगूनं भांडून खाल्ला. संध्याकाळी भांडं परत द्यायला मी त्यांच्या गोठ्यात गेले. वासरू गाईपुढे उभं होतं.”

“गेलं होतं ना?”

“कातडं सोलून आत पेंढा भरला होता. चार काठ्यांवर उभं केलेलं. गाय त्याला चाटत होती आणि अण्णा खाली बसून धार काढत होते.”

“तिला कळलं नाही?”

“पेंढ्याचा वास येत असणारच ना तिला. डोळ्यांच्या जागी शिवण होती. मी पोर होते, मला लगेच कळलं, आणि तिला कळू नये?” त्यांनी चोथा बाजूला टाकला. “कळूनही पान्हा सोडला असेल.”

मग हात धुऊन म्हणाल्या, “खरवस मात्र फार चांगला झाला होता गं. ते काही विसरता येत नाही.”

सहाव्या रविवारी २.२३. सातव्या रविवारी २.२९. मी म्हटलं, “पद्माताई, आता ही वाढच आहे.”

“चव्वेचाळीस झाले का?”

“नाही.”

“मग?”

त्या आठवड्यात मला खरवसाचं कोडं सुटलं. बारावीच्या तासाला विद्यार्थ्यांना उष्णतेनं पदार्थांचं काय काय होतं ते सांगत होते आणि अंड्याचं उदाहरण देताना मध्येच थांबले. खरवसाचा चीक उष्णतेनं घट्ट होतो तो त्यातल्या प्रथिनामुळे. आम्ही इतके दिवस त्यात कुठला तरी डिंक शोधत होतो. हवं होतं ते वाफेवर साकळणारं प्रथिन, आणि ते मुगात असतं.

शनिवारी रात्री मुगाची डाळ भिजत घातली. रविवारी सकाळी ती अगदी बारीक वाटली, फडक्यातून गाळली, नारळाच्या घट्ट दुधात गुळाबरोबर मिसळली. पाऊण वाटी डाळ, दोन वाट्या दूध, सव्वा वाटी गूळ. थाळी मोदकपात्रात ठेवून पंचवीस मिनिटं वाफवली. झाकण काढल्यावर पद्माताईंनी सुरी घातली. सुरी आत गेली, जरा अडली आणि स्वच्छ बाहेर आली. कडेला बारीक जाळी पडली होती.

त्यांनी कोपऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि स्वतःचाच नियम मोडून उभ्यानंच खाल्ला. डोळे मात्र मिटले.

“हेमा.”

“काय?”

“अगं, हेमा!”

आणि त्या हसायला लागल्या. सासूबाई गेल्यानंतरच्या तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “त्या रेवंडकरीणबाईला म्हणावं, नवरीशिवाय लग्न लागलं! वरात काढा आता!” त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. हात गुळानं चिकट होते. माझ्या ब्लाउजवर त्याचे डाग पडले, ते पुढे गेलेच नाहीत.

“थाळी गार होऊ दे. तोवर तुझं उरकून घे,” त्या म्हणाल्या.

आम्ही मागच्या खोलीत गेलो. मी कॅलिपर तळहातात धरून उबवलं. जबडे टेकवले. आदल्या रविवारच्या जागी ते टेकेनात, थोडे लांब सरकवावे लागले. पेच आवळला. खिडकीशी गेले. वरच्या पट्टीवर दोन पॉइंट पाच. खालची पहिली रेघ वरच्या रेघेशी अचूक जुळली होती.

दोन पॉइंट एक्कावन्न.

मी पुन्हा वाचलं. त्या ब्लाउजचे हुक लावत येऊन माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. जायफळाचा वास आला.

“किती?”

त्या वेळी मी काय काय विचार केला ते मला नीट सांगता येतं, कारण पुढे मी ते पुष्कळदा मांडून बघितलं आहे. शनिवारी वर्गात खरवस दाखवायचा होता. उद्या सकाळच्या गाडीत बसवलं तर ते राहिलं असतं. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, त्या हसत होत्या. आणि एका वाचनानं काय होतं? हाताची चूक असेल. पुढच्या रविवारी खरं काय ते येईलच. सात दिवसांचा प्रश्न.

मी पेच सैल केला, जबडे मिटवून शून्यावर आणले आणि म्हटलं, “दोन पॉइंट एकतीस.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी शेवटचा हुक लावला. मग म्हणाल्या, “लिही.”

मी लिहिलं आणि सही केली.

खरवस गार झाला तेव्हा मी वड्या कापल्या. पद्माताईंनी एकही घेतली नाही. “वासानंच पोट भरलं,” म्हणाल्या. डाव्या पानावर त्यांनी प्रमाण लिहिलं, आणि ‘बाद’च्या जागी काहीच लिहिलं नाही.

शनिवारी रेवंडकरबाईंनी तीन वड्या खाल्ल्या, चौथी पदरात बांधली आणि सगळ्यांदेखत पद्माताईंच्या पाया पडायचं नाटक केलं. मोठा हशा झाला. पद्माताई आपल्या कागदाच्या प्रती वाटत होत्या. त्या वेळच्या कागदावर शीर्षकाखाली एकच ओळ होती: ‘जे चाललं आहे ते चालू द्या.’ मला वाटलं, वेळ मिळाला नसेल.

नवव्या रविवारी २.६४ आले. खरं लिहायचं तर एका आठवड्यात तीन मिलिमीटरची उडी दिसली असती, आणि मग मागचा आकडा कसा आला ते सांगावं लागलं असतं. मी २.३५ लिहिलं. त्या वेळी पद्माताई खिडकीशी आल्या नाहीत. पलंगावरच बसून राहिल्या आणि “किती?” असंही त्यांनी विचारलं नाही. दहाव्या रविवारी २.३८ लिहिलं. अकराव्या रविवारी त्या म्हणाल्या, “राहू दे आता. तुलाही पेपर तपासायचे असतील.” मी कॅलिपर प्रयोगशाळेत परत नेऊन ठेवलं.

मी तेव्हाही बोलले नाही. बोलले ती जानेवारीत, त्यांचा डावा हात सुजला तेव्हा. दिगंबरला सगळं सांगितलं. वहीतले आकडे सोडून सगळं. आम्ही त्यांना गाडीत घालून कोल्हापूरला नेलं आणि त्यांनी अजिबात विरोध केला नाही. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासण्या केल्या, फिल्म दिव्यासमोर धरल्या, मला आणि दिगंबरला बाहेर बोलावलं आणि विचारलं, “गाठ पहिल्यांदा लक्षात कधी आली?” मी सांगितलं. ते खाली बघून म्हणाले, “दिवाळीच्या सुमारास आला असतात तरी काही करता आलं असतं.” आठवा रविवार दिवाळीनंतर सहा दिवसांनी होता.

खरंच करता आलं असतं का, हे मला माहीत नाही. तोच आजार, तेच शरीर, आणि आकडा खरा लिहिलेला, असा दुसरा प्रयोग करून बघता येत नाही.

चैत्रात पद्माताई घरी होत्या. आता घरीच ठेवा, असं सांगितलं होतं. एका दुपारी त्या म्हणाल्या, “खरवस कर थोडा.” मी केला. त्यांना चमचाभर भरवला. तो त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला.

“जायफळ जास्त झालं.”

“हो.”

“हेमा, ती वही कुठाय?”

“कुठली?”

“आता हे कशाला?” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. “कपाटात असेल. आण. आणि पेन.”

मी वही आणली. त्यांनी चष्मा मागितला. मी तो त्यांच्या कानांवर अडकवला. मध्ये मध्ये थांबत, दम घेत त्यांनी पानं उलटली.

“हा. आठवा रविवार. दोन पॉइंट एक्कावन्न होते त्या दिवशी.”

हातातलं पेन मी उशाशी ठेवलं.

“मला वाचता येतं ते. तूच शिकवलंस.”

“पद्माताई, मग तुम्ही तेव्हाच का नाही…”

“मी तुझ्याकडूनच का मोजून घेतलं, सांग. दिगू असता तर त्यानं पहिल्या दिवसापासून खोटं सांगितलं असतं. शेजारीणही सांगेल. तू नाही सांगायचीस. तू नवऱ्याला भाजी खारट झाली तर स्वतःच्या हातची असूनही खारट झाली म्हणून सांगतेस.” त्यांनी दम घेतला. “आणि त्या दिवशी तूच खोटं लिहिलंस. मी म्हटलं, हेमानं खोटं लिहिलं म्हणजे संपलंच असणार. हिला काहीतरी कळलंय, मला सांगवत नाहीये. मग कशाला जायचं कोल्हापूरला? केस गोळा करायला?”

“मला काहीच कळलं नव्हतं. मला फक्त शनिवारपर्यंत… तुम्ही हसत होतात.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न बघितलेलं काहीतरी आलं. आपण ज्याला निकाल समजून बसलो तो निकाल नव्हताच, हे त्यांना त्या क्षणी कळत होतं. आणि मी ते कळताना बघत होते.

“एवढंच?” त्यांनी विचारलं.

“एवढंच.”

बाहेर आवारात कुणीतरी पायरीवर बादली आपटून ठेवली. पद्माताईंनी डोळे मिटून घेतले.

“तुम्ही रागावलात?”

“त्याला ताकद लागते गं.” मग म्हणाल्या, “वासावरून मला कळलं होतं की पेंढा आहे. पण तो कशासाठी भरलाय, ते चुकलं.”

मी वही मिटायला गेले. त्यांनी पानावर हात ठेवला.

“नीट कर ते. वहीत खोटं नको. तुमच्यात कसं करतात? खोडरबर?”

“नाही. एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा, आणि सही. जुना आकडा वाचता आला पाहिजे.”

“मग तसं कर.”

मी २.३१ वर रेघ मारली. बाजूला २.५१ लिहिलं. खाली त्या दिवशीची तारीख घातली आणि सही केली. पुढच्या दोन पानांवरचे आकडेही तसेच दुरुस्त केले. पद्माताईंनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली, जशी त्या पहिल्या रविवारी वाचत होत्या, आणि परत दिली.

“आता बरोबर,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या नऊ दिवस होत्या. या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

याला आता एकोणीस वर्षं झाली. वाचनालयातला वर्ग कधीच बंद पडला. तरी त्यातल्या एखादीची सून किंवा लेक अजून कधी कधी येते आणि पद्माताईंच्या खरवसाचं प्रमाण मागते. मी वही काढते आणि डावं पान वाचून दाखवते: पाऊण वाटी मुगाची डाळ, दोन वाट्या नारळाचं घट्ट दूध, सव्वा वाटी गूळ, पंचवीस मिनिटं वाफ. त्या लिहून घेतात. एखादी पलीकडच्या पानावर बोट ठेवून विचारते, “आणि हे काय, काकू? हेही प्रमाणच आहे का?”

“नाही,” मी म्हणते. “ते वेगळं आहे.”

रेघ एकच आहे, पातळ. तिच्याखालचा आकडा अजून वाचता येतो.